तपासणीच्या खोलीतला वास

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज घड्याळजींनी माझ्यासमोर नाकाला रुमाल लावला, म्हणून ही वही उघडली आहे. कॉलेज सुटल्यापासून मी रोजनिशी लिहिलेली नाही. तेवढा वेळही नव्हता आणि तेवढं घडतही नव्हतं.

घड्याळजी म्हणजे समोरच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करतात ते. वडिलांच्या वेळेपासून चष्मा आमच्याच दुकानातून करतात. आज नंबर काढून झाला. मग डोळ्याच्या आतला पडदा पाहायला मी स्कोप घेऊन वाकले. या तपासणीत तपासणाऱ्याचा गाल समोरच्याच्या गालाला जवळजवळ टेकतो, त्याला इलाज नाही. उजवा डोळा झाला. डाव्या डोळ्यात, नस जिथे पडद्यात शिरते तिथे मला काहीतरी वेगळं वाटलं. नीट पाहणार तोच त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाकावर दाबला आणि खुर्चीतून उठले.

"ताई, बास. मला नुसता नंबर हवाय."

"बसा. डावा डोळा राहिलाय."

"पुढच्या खेपेला," म्हणाले आणि गेले. चष्म्याचं घर टेबलावर विसरून गेले.

दुकान बंद करताना धाकट्याला विचारलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. मी आत डोळे तपासते, तो बाहेर फ्रेमा विकतो. वडिलांनी दुकान दोघांच्या नावावर केलं, अक्कल मात्र वाटून द्यायला विसरले. माझ्याकडे न बघता, एकच काच पुन्हा पुन्हा पुसत तो म्हणाला, "ताई, खोलीला जरा वास येतो म्हणतात गिऱ्हाइकं."

"कसला?"

"असाच. बंद खोलीचा."

खोलीला! ज्या खोलीत मी चप्पल येऊ देत नाही, त्या खोलीला!

वास असेल तर त्याला कारण असेल, आणि कारण असेल तर ते सापडेल. तारीखवार नोंद ठेवणार आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नळवाल्याला बोलावलं. तपासणीच्या खोलीत एक लहान बेसिन आहे, त्याच्या पाइपात काही अडकलं असणार असा माझा अंदाज. त्याने सगळं उघडलं, बॅटरी मारली. "बाई, तुमचं बेसिन माझ्या घरच्या ताटापेक्षा स्वच्छ आहे." मी त्याला वाकून पाइपाचा सांधा दाखवत होते तर हा बाबा मागे सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत गेला. कामाची टाळाटाळ कशी करावी हे यांच्याकडून शिकावं.

मग कपाट ओढून पाहिलं. मेलेला उंदीर नाही. एक शर्टाचं बटण आणि हरवलेली एक काच मिळाली. ती हरवल्याबद्दल मी मागे धाकट्याला झापलं होतं. काच त्याच्या खणात नुसती ठेवून दिली.

घरी आले तर दूध जळून भांडं काळं ठिक्कर. हे निवृत्त झाल्यापासून दूध तापवणं त्यांच्याकडे आहे. शेगडीला पाठ करून तिथेच पेपर वाचत बसले होते. अगदी नाकाखाली दूध जळत होतं! "अरेच्चा," म्हणाले. एवढंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नोंद निःपक्षपाती हवी, म्हणून स्वतःबद्दलही लिहिते. मी दोन वेळा दात घासते. ते निळं, झोंबणारं तोंड धुण्याचं पाणी दिवसातून चार वेळा वापरते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अलीकडे तोंड कोरडं पडतं तेव्हा पाचव्यांदाही. काचा घासण्याच्या धुळीने मला शिंका येतात, त्यासाठी सर्दीची गोळी रोज असते. कामाच्या वेळेत पाणी पीत नाही, कारण या इमारतीचं संडास खालच्या मजल्यावर, छापखान्याच्या लोकांबरोबर, आणि तिथली कडी लागत नाही. मी गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून असल्या ठिकाणी जाणारी बाई नव्हे. वरच्या दाढांची छोटी कवळी मी रात्रीसुद्धा काढत नाही. ह्यांनी मला अजून तिच्याशिवाय पाहिलेलं नाही. पाहण्याची गरजही नाही.

थोडक्यात, माझ्या बाजूने स्वच्छतेत कसूर नाही.

आता नवी मुलगी. धाकट्याने तिला गेल्या महिन्यात मनमानी करत, मला न विचारता ठेवली. डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण झालंय तिचं. हाताला चांगली आहे, हे मान्य. पण जेवणाच्या डब्यात रोज उकडलेलं अंडं! आणि आज माझ्यासमोर डबी धरून म्हणते, "मॅडम, लवंग घ्या ना."

"मला काय झालंय लवंग खायला?"

"नाही... घशाला बरी असते."

"माझा घसा ठणठणीत आहे."

तिने डबी मिटली आणि धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने छताकडे पाहिलं. या दोघांचं काहीतरी शिजतंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शिजत होतं ते आज कळलं. धाकट्याने माझ्या खोलीत दोन वस्तू आणून ठेवल्या. एक टेबलफॅन, तो गिऱ्हाइकाच्या मागे. सगळा वारा माझ्या तोंडावर, केस डोळ्यांत. आणि दुसरी, नंबर काढायचं यंत्र. गिऱ्हाईक एका टोकाला हनुवटी टेकवतं, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये चांगलं हातभर अंतर.

"ताई, लांबूनच सगळं होतं. वाकायला नको, पाठीला त्रास नको."

"माझ्या पाठीची तक्रार तुझ्याकडे कोणी केली?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

तो पंख्याचं बटण उगाच दाबत बसला. लहानपणीही हा असाच, कप फोडला की पलंगाखाली जाऊन बसायचा, आणि मी पाय धरून ओढून काढायचे.

यंत्र नंबर सांगेल. डोळ्याच्या आत काय चाललंय ते कोण सांगेल?

१६ फेब्रुवारी, रविवार

निःपक्षपातीपणाची हद्द केली. सकाळी ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "जवळ या. वास घ्या. माझ्या तोंडाला घाण येते का?"

हे घाबरले. पेपर बाजूला ठेवला, अगदी जवळ आले, दोनदा जोरात हुंगलं. "अजिबात नाही."

"खरं सांगा."

"अगदी खरं. काही म्हणजे काहीच येत नाही."

संपला विषय. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर संसार केला त्यांच्याहून चांगला साक्षीदार कुठे मिळणार?

चहा मात्र नासलेल्या दुधाचा केला होता त्यांनी. स्वतः अर्धा कप पिऊन झाला होता. मी ओतून दिला.

म्हणजे आता उरलं अंडं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुलीला स्पष्ट सांगितलं, उद्यापासून डब्यात अंडं नको. बंद खोलीत त्याचा वास राहतो.

"मॅडम, मी तर बाहेर, जिन्यात बसून खाते."

"हातांना राहतो."

तिने हात पुढे केले. "बघा."

उलट उत्तरं! मी हुंगले नाहीत, तेवढी पायरी मी सोडलेली नाही. तिचे कान लाल झाले. "ठीक आहे, नाही आणणार," म्हणाली.

त्यानंतर तासाभरातच एक शिक्षिका आल्या. मी दार उघडून उभी, आणि त्या म्हणतात, "त्या मुलीकडून तपासून घेतलं तर चालेल का?" मागच्या वर्षी याच बाई माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे डोळा उघडायला तयार नव्हत्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, लपवत नाही. आधी खोलीची बदनामी, मग यंत्र, मग गिऱ्हाईक फोडणं. सगळं ओळीने लागलं डोळ्यांसमोर.

बंद करताना धाकट्याला म्हटलं, "ती तरी राहील नाहीतर मी."

मला वाटलं होतं, वाद घालील. त्याने एक फ्रेम उचलली, तिच्या दांड्या उघडल्या, मिटल्या. "ती चांगली आहे गं, ताई. घरी तिचा एकटीचा पगार येतो."

"मग सांग, वास कशाचा आहे?"

त्याने फ्रेम जागेवर ठेवली. मग म्हणाला, "महिनाअखेरीस सांगतो तिला."

जिंकले, तरी जेवण गेलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हे आज लिहिलं नाही तर उद्या मी ते जरा माझ्या बाजूने लिहीन, म्हणून आजच.

मुलीचा शेवटचा दिवस होता. काम संपवून ती आत आली. मला वाटलं रडेल. पण म्हणाली, "मॅडम, इथे आल्यापासून माझे डोळे कोणी तपासले नाहीत. जाता जाता तपासता? आतून. यंत्राने नको."

ती खुर्चीत बसली. मी दिवा मालवला, स्कोप घेतला, वाकले. निरोगी, स्वच्छ पडदा. पण डोळ्याला धार लागलेली, पापणी थरथरतेय. आणि मला जाणवलं, तिची छाती हलत नाहीये. आम्हाला या तपासणीत समोरच्याचा श्वास कायम ऐकू येतो. तिचा येत नव्हता. मी उजवीकडून डावीकडे जायला सरळ झाले, तेव्हा तिने घाईघाईने श्वास घेतला, पाण्याबाहेर डोकं काढावं तसा. मी पुन्हा वाकले. पुन्हा बंद.

"श्वास कशाला रोखतेस? मी काय इंजेक्शन देतेय?"

अंधारातच ती म्हणाली, "सगळेच रोखतात, मॅडम."

मी स्कोप खाली घेतला.

"घड्याळजींनाच फक्त ते जमलं नाही. त्यांचं वय झालंय, इतका वेळ नाही रोखता येत त्यांना. वास खोलीला नाहीये. मी मुद्दाम तपासायला सांगितलं, कारण तोंडाने सांगायचं धाडस होत नव्हतं. आता नोकरीच गेलीय, तर सांगितलं."

मी म्हटलं, "आमच्या ह्यांनी सांगितलंय की काही वास येत नाही."

तिने उठून दिवा लावला. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. "सर परवा दुकानात आले होते ना, तेव्हा बाहेर गटार उपसत होते. आम्ही सगळे नाक धरून. सर तिथे उभं राहून पेपर वाचत होते."

पिशवी घेऊन ती गेली. मी खुर्चीत बसले. गिऱ्हाइकाच्या.

१ मार्च, शनिवार

दुकानात गेले नाही. शेगडीवर मुद्दाम पावाचा तुकडा जाळला. धूर होईपर्यंत. हे शेजारच्या खोलीतून आले, "धूर कसला?" डोळ्यांना दिसला तेव्हा आले.

"तुम्हाला वास येत नाही?"

खुर्ची ओढून बसले. "मागे तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून नाही येत. गुलाब, रॉकेल, सगळं सारखंच."

"आणि सांगितलं का नाही?"

"तू लगेच डॉक्टरांची रांग लावली असतीस. म्हटलं, जाऊ दे. नाही आला वास तर काय अडतंय?"

"मग त्या दिवशी 'अजिबात नाही' म्हणालात ते?"

"खरंच सांगितलं की. नव्हताच येत."

हसावं की पातेलं फेकावं कळेना. पातेलं आधीच जळलेलं होतं.

धाकट्याला फोन केला. "तुला माहीत होतं. एका मुलीच्या पोटावर तू पाय दिलास, पण बहिणीला एक वाक्य सांगितलं नाहीस."

"तुला कोण सांगणार, ताई? मागे दुकानाची पाटी वाकडी लागलीय एवढंच म्हटलं, तर तू आठवडाभर बोलली नाहीस."

पाटी वाकडीच होती. मी लावली होती.

३ मार्च, सोमवार

दातांच्या डॉक्टरकडे गेले. तरुण आहे, तिच्या चष्म्याचा नंबर मीच काढलेला.

"काकू, जीभ बाहेर. आणखी. लाजू नका, मी दिवसभर हेच बघते." आरशात दाखवलं. जिभेच्या मागच्या भागावर पिवळट साय. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत डोकावले, स्वतःच्या तोंडात कधी डोकावले नाही.

तिने सांगितलं ते असं. काही जंतूंना हवा सोसत नाही. ते जिभेच्या मागे, हिरड्यांच्या खाचेत दडून बसतात, अन्नाचे आणि मेलेल्या पेशींचे कण खातात आणि गंधकाचे वायू सोडतात. "नासक्या अंड्याला येतो ना, त्याच जातीचा वास."

अंडं! मी डोळे मिटले.

"हे जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. लाळ त्यांना धुऊन काढते, ताब्यात ठेवते. तुमची लाळच आटलीय. पाणी किती पिता?"

सांगितलं. सर्दीच्या गोळीचंही सांगितलं. निळ्या पाण्याचं जरा अभिमानाने सांगितलं.

"दिवसातून पाच वेळा? काकू, त्यात अल्कोहोल आहे. ते वास घटकाभर झाकतं आणि तोंड आणखी सुकवतं. आणि कवळी रात्री काढता ना?"

मी भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे पाहिलं.

"म्हणजे नाही," तिने कागदावर लिहिलं. या मुलीही हल्ली गप्प राहिल्याचं उत्तर वाचतात.

हिरड्या आजच साफ करायला घेतल्या, अर्धं काम पुढच्या आठवड्यात. क्लोरहेक्झिडीनचं औषधी पाणी दिलं आहे, ते फक्त पंधरवडा, दात घासल्यावर थोड्या वेळाने. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी पडतात. ते संपलं की जस्त असलेलं, अल्कोहोल नसलेलं पाणी. जस्त त्या गंधकाला धरून ठेवतं, उडू देत नाही. जीभ रोज खरवडायची, मागपर्यंत. कवळी रात्री पाण्यात. सर्दीची गोळी बदलण्याबद्दल आमच्या डॉक्टरांना विचारायचं. पाणी दिवसभर, घोट घोट. कडीसाठी मी छापखान्याच्या मालकाला आजच गाठलं. तो मागे मागे सरकत होता, पण आता कारण माहीत असल्याने राग आला नाही. लांबूनच झापलं.

निघताना विचारलं, "गेला की नाही हे मला कसं कळणार?"

"नाही कळणार. स्वतःच्या वासाला नाक सरावतं. ज्याचं नाक शाबूत आहे आणि जो खरं बोलतो, असा एक माणूस शोधा."

घरात नाक नाही. दुकानात खरं बोलणारा नाही. जी एक होती तिला मी काढून टाकलं.

४ मार्च, मंगळवार

तिला फोन केला. "मी चुकले हे सांगायला फोन केलाय. दुसऱ्यांदा म्हणायला लावू नकोस. परत ये."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "मी डब्यात अंडं आणणार."

"आण."

"आणि आतली तपासणी मीसुद्धा करणार. नुसतं यंत्र नाही."

"हे लवकर बोलायला काय झालं होतं?"

"मॅडम," ती म्हणाली आणि थांबली. मलाच उत्तर कळलं.

माझ्याही दोन अटी. औषध लागू पडेपर्यंत तपासणीच्या खोलीत ती बसेल, मी बाहेर फ्रेमा विकीन. आणि रोज सकाळी ती माझा श्वास तपासेल, खोटं बोलली तर पगार कापीन.

१० मार्च, सोमवार

फ्रेमा विकणं हे मूर्खांचं काम आहे. एका गृहस्थाने अख्खी भिंत उतरवली आणि शेवटी जुनीच फ्रेम डोळ्यांवर ठेवून गेला. धाकटा हे रोज हसत कसं करतो? त्याला तसं म्हटलं. तो इतका खूश झाला की हातातली फ्रेम पडली.

औषधाने चहाला पत्र्याची चव येते. जीभ खरवडताना उबळ येते. काल रात्री कवळी पेल्यात ठेवली. हे बघत राहिले. मी म्हटलं, "काय ते बोलून टाका." म्हणाले, "माझेही दोन दात खोटे आहेत. तुला माहीत नव्हतं?" आणि उशीखालून डबी काढली. आता दोन पेले शेजारी शेजारी.

मुलीचा आजचा निकाल: "आहे अजून. पण परवापेक्षा कमी." तोंड वर करून सांगते. आवडलं, पण तिला कळू दिलं नाही.

२२ मार्च, शनिवार

जस्ताचं पाणी सुरू. दुसरी साफसफाई झाली. "सकाळी जरासा येतो, पाणी प्यायल्यावर नाही," हा निकाल. दुपारच्या तपासण्या मी पुन्हा सुरू केल्या. पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत ताठ बसलं, सवयीने. मग हळूहळू खांदे खाली आले.

घड्याळजींना निरोप धाडला, चष्म्याचं घर इथे पडलंय. खरं म्हणजे मला तो डावा डोळा झोपू देत नाहीये.

२९ मार्च, शनिवार

आले. एक हात रुमालाच्या खिशावर. मी वाकण्याआधी मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली, काही नाही.

मी वाकले. त्यांचा श्वास बंद. मी थांबून राहिले. शेवटी त्यांनी थोडासा श्वास घेतला, घाबरत. मग मोठा. मग नेहमीसारखे घेऊ लागले आणि मला डावा डोळा सावकाश पाहता आला. जे वाटलं होतं ते आहे. नस शिरते तिथला खळगा रुंद झालाय, काचबिंदूची शंका घ्यावी असा. मुलीलाही पाहू दिलं, तिचंही तेच मत पडलं. नक्की काय ते मोठे डॉक्टर दाब मोजून सांगतील.

घड्याळजींचा चेहरा उतरला. "मागेच बघायला हवं होतं ना?"

"हो. तुम्ही उठून गेलात."

"ताई, मी उठलो कारण..." हात पुन्हा खिशाकडे गेला.

"मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी उठू नका. सांगा."

"तुम्हाला?" म्हणाले. इतकं मनापासून विचारलं की धाकटा बाहेर खोकण्याचं नाटक करत हसला.

३१ मार्च, सोमवार

नोंद पूर्ण करते. वासाचं कारण सापडलं, आता या वहीची गरज नाही.

घड्याळजींना शनिवारीच मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली आणि त्यांचं चष्म्याचं घरही. आज सकाळी जाऊन आले, डोळ्यांत थेंब सुरू झाले आहेत. वेळेत आलात म्हणाले डॉक्टर. तो टेबलफॅन धाकट्याला परत केला, त्याच्यासोबत एक पाना. पाटी त्याने त्याच पान्याने सरळ केली. निळ्या पाण्याच्या उरलेल्या बाटल्या बेसिनच्या पाइपात ओतल्या. ह्यांच्या हातात नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ लिहिलेला कागद ठेवला. हेच होणार हे माहीत होतं, म्हणाले, आणि कागद खिशात घातला.

तपासणीच्या खोलीची दुसरी किल्ली आणि वडिलांचा स्कोप, सकाळच्या वेळेपुरता, नव्या मुलीच्या ताब्यात दिला. पोच म्हणून इथेच सही करायला सांगितली. ती माझ्या खांद्यावरून वाकली, गाल जवळजवळ गालाला लागला, आणि सावकाश, वळणदार सही केली. सही होईपर्यंत तिचा श्वास माझ्या कानाशी येत-जात होता.